ठेका यंत्राचा, डौल कोणाचा?

कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढणाऱ्या थळ घाटाचा चढ सदतीस फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. जड गाडी एकट्या इंजिनाला ओढवत नाही, म्हणून कसाऱ्याला तिच्या मागे 'बँकर' या नावाने ओळखली जाणारी इंजिने जोडतात आणि घाट संपला की इगतपुरीला ती सोडवून घेतात. गाडी पुढे भुसावळकडे निघून जाते. तिच्या पाटीवर बँकरचा उल्लेख नसतो. संगीताच्या व्यवहारात तालवादकाचे स्थान पुष्कळदा असेच राहिले आहे. गाणे त्याच्या बळावर वर चढते. मानधन आणि नावलौकिक यांचा हिशेब मात्र त्याला सोडून दिल्यानंतर होतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आगमनाने हा जुना प्रश्न नव्या आणि अधिक बिकट स्वरूपात पुढे आला आहे.

हिप-हॉप या संगीतप्रकारात शब्दांइतकेच महत्त्व ठेक्याला असते आणि हा ठेका बहुधा वादकाकडून वाजवून न घेता संगणकावर आखला जातो. आखलेला प्रत्येक आघात आपल्या जागी काटेकोर पडतो आणि नेमक्या त्याच कारणाने तो निर्जीव वाटतो. हाताने वाजविणारा माणूस एखादा आघात किंचित मागे ठेवतो, एखादा दाबून तर एखादा मोकळा सोडतो. हा डौल आखीव ठेक्यात भरणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता सहज मिळू लागली आहेत. सपाट ठेका त्यांना द्यावा, आणि क्षणार्धात माणसाने वाजविल्यासारखा ठेका परत घ्यावा. ही सोय स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु यंत्राने हा डौल आणला कोठून, हे विचारल्याशिवाय तिचे मूल्यमापन पुरे होणार नाही.

यंत्र आणि माणूस यांच्यातील ही ओढाताण नवी नाही. १९८० साली रॉजर लिन यांनी बाजारात आणलेल्या ड्रम मशीनमध्ये चुकलेले आघात नेमक्या जागी बसविण्याची सोय होती आणि तीतच ठेक्याला थोडा झोका देण्याचीही सोय करावी लागली. त्याच वर्षी आलेले रोलँड कंपनीचे ८०८ हे यंत्र व्यापारात फारसे चालले नाही. सुमारे बारा हजार नगांनंतर १९८३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. पण जुन्या बाजारात ते स्वस्त झाले आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुणांनी त्यातूनच आपला आवाज घडविला. पुढे डेट्रॉईटच्या जे. डिला या संगीतकाराने यंत्रावर बोटांनी ठेका वाजविताना यंत्राला तो दुरुस्त करू दिला नाही. २००६ साली अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तो निवर्तला. त्याचे यंत्र आज वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास संग्रहालयात ठेवलेले आहे. यंत्राच्या आधारे उभ्या राहिलेल्या संगीतालाही माणसाच्या हाताची गरज संपली नव्हती, हाच याचा अर्थ.

हा डौल म्हणजे वादकाची चूक, असा समज करून घेणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. चूकच असती तर आघात कसेही मागेपुढे सरकवून काम भागले असते आणि संगीताच्या संगणकप्रणालींनी तो प्रयोग पूर्वी करूनही पाहिला. त्यातून ठेका जिवंत न होता नुसता डळमळीत होतो. माणसाच्या लयीतील बारीक विचलने स्वैर नसतात, त्यांचा एकमेकांशी दूरवर संबंध असतो, हे गॉटिंगेनच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले. आपल्याकडच्या वादकांना हे सांगावे लागत नाही. लावणीतील ढोलकीवाला नर्तिकेच्या पावलावर नजर ठेवून तोडा आवरतो. नाशिक आणि पालघर जिल्ह्यांच्या आदिवासी पट्ट्यात बोहाड्यात सोंग नाचू लागते, तेव्हा संबळवाला मात्रा मोजत बसत नाही. नाचणाऱ्याच्या अंगाचा कल पाहून तो हात उचलतो. हे ज्ञान वर्षानुवर्षांच्या श्रमाने हातात उतरलेले असते. अर्थशास्त्राच्या भाषेत ते त्या वादकाचे भांडवल आहे आणि बहुधा त्याच्याजवळ दुसरे भांडवल नसते.

यंत्र नेमके हेच भांडवल उचलते. गुगलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. दहा ड्रमवादकांकडून इलेक्ट्रॉनिक ड्रमवर सुमारे साडेतेरा तासांचे वादन त्यांनी टिपून घेतले. त्यातील ऐंशी टक्क्यांहून अधिक वादन मोबदला देऊन बोलावलेल्या व्यावसायिकांचे होते. सपाट ठेक्यात वेळेची आणि जोराची सूक्ष्म छटा कशी भरावी, हे यंत्र त्यावरून शिकले. वादकांची संमती घेणे, त्यांना मोबदला देणे आणि सामग्रीचा उगम जाहीर करणे या तिन्ही बाबतींत हा प्रयोग प्रामाणिक होता, हे मान्य केले पाहिजे. आज विकल्या जाणाऱ्या साधनांपैकी अनेकांबाबत ग्राहकाला इतकीही माहिती मिळत नाही. तरीही प्रामाणिक व्यवहारातसुद्धा एक विषमता उरतेच. वादकाला मजुरी मिळते ती तासांची; यंत्र मात्र त्या तासांतून अगणित ठेके अनंत काळपर्यंत काढू शकते.

अशा व्यवहाराचा शेवट कसा होतो, हे हिप-हॉपच्या इतिहासात नमूद आहे. १९६९ मध्ये 'विन्स्टन्स' या वाद्यवृंदाच्या एका ध्वनिमुद्रिकेत ग्रेगरी कोलमन याने सहा-सात सेकंदांचा एक ठेका वाजविला. तो तुकडा कापून पुढे हजारो गाणी रचली गेली. कोलमनला त्याबद्दल काही मिळाले नाही आणि २००६ साली तो बेघर अवस्थेत मरण पावला. जेम्स ब्राउन यांच्या साथीला असलेल्या क्लाइड स्टबलफील्ड यांचा ठेकाही असाच जगभर वापरला गेला, आणि २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले तोपर्यंत रचनेचा हक्क त्यांच्या नावावर नव्हता. त्या काळी निदान कोणाचा तुकडा उचलला, हे कानाला ओळखता येत होते. नव्या साधनात दहाजणांचा, शंभरजणांचा हात एकत्र विरघळतो आणि मागणी कोणी करावयाची, हेच कळेनासे होते.

कायद्याची स्थिती येथे लंगडी आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल करण्यास मनाई केली. गळ्याला मिळालेले हे संरक्षण हाताला मात्र सहजासहजी मिळणार नाही, कारण श्रोत्याला गायक आवाजावरून कळतो, ढोलकीवाला कळत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने भारतीय कायद्यात कलावंताचा सादरीकरणावरील हक्क आला आणि २०१२ मध्ये व्यापारी वापराच्या स्वामित्वधनाचीही तरतूद झाली. परंतु साथसंगत करणाऱ्यापर्यंत ते पोचविणारी यंत्रणा अजून दुबळीच आहे.

यावर असा आक्षेप येईल, की ठेका ही कोणाची मालमत्ता नव्हे. शिष्यही गुरूचे ऐकूनच शिकतो. आक्षेप अर्धा खरा आहे. केरव्यावर वा धुमाळीवर कोणी मालकी सांगू लागला तर संगीतच थांबेल. परंतु शिष्य शिकतो तेव्हा आणखी एक वादक निर्माण होतो आणि परंपरा पुढे जाते. यंत्राला शिकविण्यासाठी मात्र ठराविक माणसांचे ठराविक ध्वनिमुद्रण कच्चा माल म्हणून वापरावे लागते आणि तयार होणारा माल त्याच माणसांच्या रोजगाराशी स्पर्धा करतो. मोबदल्याचा दावा या कच्च्या मालावर आहे, शैलीवर नव्हे.

म्हणून या साधनांवर बंदी घाला, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. धारावीच्या गल्ल्यांतून वर आलेले आणि २०१९ च्या 'गली बॉय' चित्रपटामुळे सर्वतोमुखी झालेले हिप-हॉप स्वस्त यंत्रांशिवाय उभेच राहिले नसते. इगतपुरीच्या किंवा घोटीच्या ज्या विद्यार्थ्याजवळ केवळ एक मोबाईल आहे, त्याने स्टुडिओ आणि वादक यांचा खर्च कोठून करावा? त्याच्या हातातील साधन काढून घेणे म्हणजे एका गरिबाच्या नावाने दुसऱ्या गरिबाला दंड करणे होय. भार पडावयास हवा तो साधन विकणाऱ्याच्या नफ्यावर.

मार्ग अशक्य नाही. जून २०२४ मध्ये अमेरिकेतील मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी सुनो आणि युडिओ या संगीतनिर्मिती करणाऱ्या कंपन्यांवर दावे लावले आणि २०२५ अखेरीपर्यंत त्यांपैकी काहींनी समझोतेही पदरात पाडून घेतले. ज्यांच्याजवळ वकील होते, त्यांना वाटाघाटी करता आल्या. आपल्याकडे केंद्र सरकारच्या समितीने डिसेंबर २०२५ मधील कार्यपत्रिकेत, यंत्राच्या शिक्षणासाठी साहित्य वापरणाऱ्याने सक्तीच्या परवान्याखाली स्वामित्वधन द्यावे, अशी दिशा सुचविली आहे. या वाटपात ध्वनिमुद्रणाच्या मालकाबरोबरच प्रत्यक्ष वाजविणाऱ्याचाही हिस्सा निश्चित ठरला पाहिजे. कोणाच्या वादनावर यंत्र शिकले, हे जाहीर करण्याचे बंधन विक्रेत्यावर असावे. शासनाने वा विद्यापीठांनी लोकवाद्यांचा संग्रह करावयास घेतला, तर वादकाचे नाव, त्याची संमती आणि पुढील वापराच्या अटी ध्वनिमुद्रणाआधीच लेखी असाव्यात.

नाशिक ढोलाचा घोष आज राज्यभरच्या मिरवणुकांत घुमतो; उद्या त्याचाही डौल एखाद्या साधनात एका कळीवर विकत मिळेल. तो घेणाऱ्या तरुणाचा उत्साह दडपून चालणार नाही आणि ज्यांच्या हाताला घट्टे पडून तो डौल तयार झाला त्यांना विसरूनही चालणार नाही. श्रमाचे मोल श्रम नजरेआड झाल्याने कमी होत नाही. फक्त ते बुडविणे सोपे होते. हे सोपे होऊ न देणे, हेच या बाबतीत कायद्याचे खरे काम आहे.