विश्लेषण : ऑनलाइन निर्देशिकांत नोंदी वाढल्या, तपासणारे घटले

रायपूर : रायपूर शहराच्या जुन्या भागातील तात्यापारा ही वस्ती ऑनलाइन निर्देशिकांत एकाच नावाने सापडत नाही. कुठे ती ‘तात्यापारा’ असते, कुठे ‘तत्यापारा’. रोमन लिपीत एखादे अक्षर कमी-अधिक होते. छत्तीसगडमध्ये ‘पारा’ म्हणजे मोहल्ला. जुन्या रायपुरातील बूढापारा, ब्राह्मणपारा ही नावे त्याच घडणीची आहेत. हे ठाऊक नसलेला महाराष्ट्रातील माणूस ‘पारा’चा ‘पाडा’ करून मोकळा होतो. प्रत्यक्ष चौकात उभे राहून विचारणाऱ्याला यामुळे काही अडत नाही. संगणकाला मात्र ही निरनिराळी ठिकाणे वाटू शकतात आणि एकाच दुकानाच्या दोन-तीन नोंदी तयार होतात. एकीत जुना दूरध्वनी क्रमांक राहतो, दुसरीत नवा येतो. त्यांतील खरा कोणता, हे ठरविण्याचे काम ग्राहकाच्या माथी पडते.

हा केवळ शुद्धलेखनाचा प्रश्न नाही. नोंद कोणी स्वीकारली, कशाच्या आधारावर स्वीकारली आणि ती शेवटची केव्हा तपासली, या तीन प्रश्नांची उत्तरे निर्देशिकेने दिली पाहिजेत. दूरध्वनी खात्याच्या छापील निर्देशिकेत चुका असत, पण ती कोणी काढली आणि कोणत्या वर्षी काढली, हे मुखपृष्ठावरच कळत असे. आजच्या निर्देशिकांत नोंदींची संख्या कैक पटींनी वाढली असली तरी एवढी साधी माहितीही बहुतेक वेळा मिळत नाही.

रायपूरसारख्या झपाट्याने बदललेल्या शहरात याची किंमत अधिक आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले, तेव्हा शहराचा पिन कोड तोच राहिला. राज्याचे नाव मात्र बदलले. त्यापूर्वीच्या याद्यांतून उचललेल्या पत्त्यांवर रायपूरपुढे मध्य प्रदेश येणे स्वाभाविकच होते. याहून बोलके उदाहरण डीकेएस भवनाचे आहे. दाऊ कल्याण सिंह यांच्या नावाची, पूर्वी रुग्णालय असलेली ही वास्तू राज्यनिर्मितीनंतर मंत्रालय झाली. २०१२ मध्ये मंत्रालय नवा रायपूर येथील महानदी भवनात गेले आणि २०१८ मध्ये जुन्या वास्तूत अतिविशेषोपचार रुग्णालय सुरू झाले. रुग्णालय, मग मंत्रालय, पुन्हा रुग्णालय : दोन दशकांत एकाच पत्त्याचा अर्थ दोनदा बदलला. यातील प्रत्येक टप्प्यावर केलेली नोंद त्या दिवशी अचूकच होती. ती पुन्हा पाहणारा कोणी नसेल, तर काल अचूक असलेली नोंद आज रुग्णाच्या नातेवाइकांची दिशाभूल करू शकते. शिवाय रायपूर नावाची गावे देशात अनेक आहेत. बुलढाणा जिल्ह्यातही एक रायपूर आहे. राज्य आणि जिल्हा यांचा उल्लेख नसलेली नोंद या देशात अपुरीच मानावी लागते.

संपादकांच्या हातून निर्देशिका घडविण्याचा प्रयोग इंटरनेटच्या आरंभकाळात झाला होता आणि तो बराच यशस्वीही ठरला होता. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी १९९४ मध्ये संकेतस्थळांची वर्गवार यादी सुरू केली. तिचीच पुढे याहू निर्देशिका झाली. रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी १९९८ मध्ये स्वयंसेवकांच्या बळावर दुसरी निर्देशिका उभी केली. त्याच वर्षी ती नेटस्केपने घेतली आणि पुढे ती डीमॉझ या नावाने ओळखली गेली. २०१७ मध्ये ती बंद झाली तेव्हा तिच्यात ३८ लाखांहून अधिक संकेतस्थळे, १० लाखांवर वर्ग आणि ९० भाषा होत्या. आरंभापासून तिच्यासाठी काम केलेल्या संपादकांची संख्या ९१ हजारांच्या पुढे गेली होती. गूगलनेही २००० ते २०११ या काळात याच सामग्रीवर आधारलेली स्वतःची निर्देशिका चालविली होती.

डीमॉझची कार्यपद्धती आजही अभ्यासण्यासारखी आहे. संपादक होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम एखादा लहान वर्ग निवडायचा, त्यात बसतील अशी काही संकेतस्थळे सुचवायची आणि त्यांचे वर्णन स्वतः लिहून दाखवायचे. हे वर्णन जाहिरातीच्या भाषेत असता कामा नये, अशी अट होती. ‘सर्वोत्तम’, ‘अग्रगण्य’ यांसारख्या विशेषणांना तेथे थारा नव्हता. ज्या संकेतस्थळाशी संपादकाचा व्यावसायिक संबंध असेल, तो त्याने आधीच जाहीर करणे अपेक्षित होते. नोंदीसाठी शुल्क नव्हते आणि सुचविलेले संकेतस्थळ घेतले जाईलच, अशी हमीही नव्हती. मृत दुवे शोधून काढण्यासाठी यंत्राची मदत घेतली जाई, पण अंतिम निर्णय संपादकाचा असे.

या व्यवस्थेचे दोष तिच्या गुणांतूनच आले. स्वयंसेवक मोजके आणि सूचना असंख्य, त्यामुळे नोंदीसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागे. नकाराचे कारण कळविण्याची पद्धत नव्हती. काही संपादक प्रतिस्पर्ध्यांची संकेतस्थळे अडवून ठेवतात, असे आरोप वारंवार झाले. २००६ च्या अखेरीस यंत्रणा कोलमडल्याने संपादनाचे काम काही आठवडे ठप्प झाले होते. एकूणच, कडक नियम केले तरी ते राबविणाऱ्यांवर देखरेख आणि अर्जदाराला दाद मागण्याची सोय नसेल, तर विश्वास टिकत नाही. हा धडा डीमॉझने स्वतःच्या अनुभवातून दिला.

पैशाचा प्रश्न याहून अवघड आहे. याहू निर्देशिकेने व्यावसायिक संकेतस्थळांकडून वार्षिक २९९ डॉलर घेण्यास सुरुवात केली, तेव्हा ते शुल्क तपासणीचे आहे, समावेशाचे नव्हे, असा भेद तिने ठेवला होता. पैसे भरूनही नोंद नाकारली जाऊ शकत होती. कागदावर हा भेद स्वच्छ होता. मात्र तिच्या पाठोपाठ निघालेल्या हजारो निर्देशिकांनी तो पुसून टाकला आणि थेट नोंदच विकण्यास आरंभ केला. शोधयंत्रात वर येण्यासाठी दुवे विकत घेण्याचा तो धंदा होता. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ या नावाने ओळखला जाणारा बदल केला आणि अशा दुव्यांची किंमत घसरली. त्यानंतर अनेक निर्देशिका ओस पडल्या. त्यांचा वाचक मुळात नव्हताच. याहू निर्देशिका २०१४ च्या अखेरीस बंद झाली.

भारतात या क्षेत्राची वाट थोडी वेगळी राहिली. १९९६ मध्ये दूरध्वनीवरून माहिती देणारी सेवा म्हणून सुरू झालेली जस्टडायल आणि त्याच वर्षी सुरू झालेली इंडियामार्ट यांनी लहान व्यावसायिकाला ग्राहकापर्यंत नेले, हे नाकारता येणार नाही. जस्टडायलचे नियंत्रण २०२१ मध्ये रिलायन्स रिटेलकडे गेले. अशा सेवांत साधी नोंद विनामूल्य असते आणि शुल्क भरणाऱ्याला यादीत वरचे स्थान मिळते. यात गैर काही नाही, मात्र वरचे स्थान दर्जामुळे मिळाले की शुल्कामुळे, हे वाचकाला नोंदीपाशीच दिसले पाहिजे. ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार विक्रेत्यांच्या क्रमवारीचे मुख्य निकष स्पष्ट करणे ऑनलाइन बाजारपेठांवर बंधनकारक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिशाभूल करणाऱ्या १३ प्रकारच्या मांडण्यांची यादी अधिसूचित केली. त्यात छुप्या जाहिरातीचाही समावेश आहे. स्थानिक निर्देशिकांना हे निकष नेमके कसे लावायचे, याची चर्चा मात्र ग्राहक चळवळीतही फारशी होताना दिसत नाही.

खरा धोका अधिक वेगाने आला तो नकाशांतून. ऑनलाइन नकाशे हीच आज सर्वांत मोठी निर्देशिका आहे आणि त्यांतील दुरुस्ती कोणीही सुचवू शकतो. २०१८ मध्ये महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे आलेल्या तक्रारींतून या सोयीची दुसरी बाजू उघड झाली. गूगल नकाशावरील बँक ऑफ इंडियाच्या शाखांच्या नोंदींत भामट्यांनी स्वतःचे क्रमांक घातले होते. शाखेचा क्रमांक शोधून ग्राहक स्वतःच दूरध्वनी करीत आणि समोरची व्यक्ती बँकेची समजून कार्डाचे तपशील सांगून बसत. अनोळखी व्यक्तीचा दूरध्वनी आला तर काही सांगू नका, ही सूचना बँका सातत्याने देतात. येथे दूरध्वनी ग्राहकानेच केलेला होता, त्यामुळे ती सूचना निरुपयोगी ठरली. फसवणूक झाल्यास तक्रार नोंदविण्यासाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आता उपलब्ध आहे; परंतु तो नुकसान झाल्यानंतरचा उपाय आहे.

प्रमाण किती मोठे आहे, याची कल्पना गूगलने स्वतःच दिलेल्या आकड्यांवरून येते. २०२३ या एका वर्षात कंपनीने नियमभंग करणारी १७ कोटींहून अधिक परीक्षणे आणि सुमारे १ कोटी २० लाख बनावट व्यवसाय-नोंदी काढल्या किंवा रोखल्या. एवढ्या नोंदी माणसांनी तपासणे अशक्य आहे, हा कंपन्यांचा युक्तिवाद खरा आहे. पण यंत्र संशयास्पद हालचाल ओळखते. तात्यापाऱ्यातील औषधाचे दुकान गेल्या वर्षी पलीकडच्या गल्लीत गेले, हे त्याला कळत नाही. त्यासाठी स्थानिक माहितगारच लागतो आणि त्याच्या श्रमाचा मोबदला आज कोणत्याही निर्देशिकेच्या हिशेबात दिसत नाही. नोंदींत भर घालणाऱ्यांना गुण आणि पदके देण्याची पद्धत आहे, परंतु तिचा भर संख्येवर अधिक राहतो.

प्रमाणके नाहीत असे नाही. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १९००० हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. ग्राहकांची ऑनलाइन परीक्षणे कशी गोळा करावीत, तपासावीत आणि प्रसिद्ध करावीत, याचे नियम त्यात आहेत. ते ऐच्छिक आहे. शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली, आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र शासकीय संकेतस्थळांची एकत्रित निर्देशिकाही चालविते. खरे-खोटे शासकीय संकेतस्थळ ओळखण्यासाठी ही निर्देशिका अत्यंत उपयोगी आहे. सामान्य नागरिकाला तिचे नावही माहीत नसते, हे दुर्दैव. शाळा, दवाखाने, दुकाने, कारागीर यांच्या खासगी निर्देशिकांसाठी मात्र परीक्षणांपलीकडे जाणारे, नोंदीच्या अचूकतेविषयीचे असे मानक दिसत नाही.

मराठीला सूचीकार्याची जी परंपरा आहे, तिच्याकडे या संदर्भात पाहिले पाहिजे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि ती १९४४ मध्ये प्रसिद्ध झाली. १९३८ ते १९५० या काळाचा पुढील भाग १९६१ मध्ये आला. आजही अभ्यासक ‘दाते सूची’ एवढेच म्हणतात. नोंदीचा घाट एकसारखा, वर्गीकरण ठरलेले आणि जबाबदारी सूचीकाराच्या नावावर, यांमुळे ती संदर्भासाठी टिकली. अर्थात ग्रंथ एकदा छापला की त्याचे प्रकाशनवर्ष बदलत नाही, तर दुकान हलते, डॉक्टर बदली होऊन जातात. म्हणूनच निर्देशिकाकाराचे काम सूचीकारापेक्षा एका अर्थाने कठीण आहे. त्याला तेच काम दर काही महिन्यांनी पुन्हा करावे लागते.

रायपूरमधील मराठी समाजाच्या दृष्टीनेही हा विषय दूरचा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडमध्ये मराठी कुटुंबे येत गेली आणि रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून कार्यरत आहे. महाराष्ट्राबाहेरील मराठी समाजात कुटुंबांच्या परिचय-पुस्तिका आणि वधू-वर सूची काढण्याची प्रथा जुनी आहे. त्या छापील असताना मर्यादित हातांत राहत. आता त्यांच्या पीडीएफ प्रती भ्रमणध्वनीवरून कोठेही पोहोचतात. नाव, पत्ता, जन्मतारीख, व्यवसाय आणि क्रमांक एकत्र मिळणे हे वधू-वर संशोधनाला जितके सोयीचे, तितकेच ते फसवणूक करणाऱ्यालाही सोयीचे असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ ने आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क व्यक्तीला दिला आहे. फिरत असलेल्या पीडीएफमधून नाव पुसणार कसे, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडणारे नाही. पुस्तिका काढणाऱ्यांनीच प्रत्येक नोंदीसाठी संमती घेणे, संपूर्ण जन्मतारखेऐवजी केवळ जन्मवर्ष देणे आणि क्रमांक मागणाऱ्यालाच देणे, एवढे करणे शक्य आहे. त्याला मोठा खर्चही येत नाही.

व्यावसायिक निर्देशिकांकडून अपेक्षा करायची तर ती याच पातळीची, साधी असावी. प्रत्येक नोंदीखाली पडताळणीची तारीख असावी. सशुल्क नोंदीवर तसा स्पष्ट शिक्का असावा. बँक, रुग्णालय आणि पोलीस ठाणे यांचे क्रमांक त्या संस्थेच्या दुजोऱ्याशिवाय कोणाच्याही सूचनेवरून बदलू नयेत. चूक कळविणाऱ्याला निर्णय आणि त्याचे कारण कळवावे. यांपैकी तिसरी बाब सर्वांत तातडीची आहे, कारण तिच्यातील चूक थेट खिशाला किंवा जिवाला भिडते. उरलेल्या बाबींवर वाद होऊ शकतो. पडताळणीची तारीख टाकली तर आपल्या किती नोंदी जुन्या आहेत, हे उघड होईल, ही भीती कंपन्यांना असणारच.

तात्यापाऱ्यात या सगळ्याची परीक्षा लवकर होऊ शकते. तात्यापारा ते शारदा चौक या रस्त्याच्या रुंदीकरणाचा विषय अनेक वर्षे रेंगाळला आहे. ते काम मार्गी लागेल तेव्हा रस्त्यालगतची काही दुकाने मागे सरकतील, काही दुसरीकडे जातील, काही बंद होतील. महापालिकेकडे बाधित मालमत्तांची यादी असेल, वीज कंपनीकडे बदललेल्या जोडण्यांची, वस्तू व सेवा कर विभागाकडे नव्या पत्त्यांची. ऑनलाइन निर्देशिकांपर्यंत ही माहिती नेणारी कोणतीही व्यवस्था सध्या नाही. दुकानदाराला प्रत्येक निर्देशिकेत स्वतंत्रपणे नवा पत्ता कळवावा लागेल. ज्यांनी दुकान कायमचे बंद केले, त्यांच्या नोंदी काढण्यासाठी कोण अर्ज करणार, हे आजच्या पद्धतीत ठरलेले नाही.