देवीला कशाला बोल लावता?

मुलीच्या केसांत जट धरली, अंगावर चट्टे उठले, की "यल्लम्माचं बोलावणं आलं!" असे म्हणत बेळगाव-निपाणी पट्ट्यात कितीतरी पोरी देवीला सोडल्या गेल्या. कर्नाटकाने 1982 साली कायदा केला, सोडणे गुन्हा ठरले. पण कातडीच्या रोगाला शाप समजणारे मन कुठल्या कायद्याने बदलायचे?

साधा मुरुम घ्या. वयात येताना संप्रेरके वाढतात, त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, रंध्रे बुजतात, आत जंतू माजतात. झाला मुरुम! यात पाप कुठले आणि पोरीची चालचलणूक कुठली? नायटा बुरशीने होतो, खरूज सूक्ष्म किड्याने. जट म्हणजे न विंचरलेल्या केसांचा गुंता.

देवऋषी गेला तर ट्यूब आली. गोरेपणाच्या हव्यासापायी डॉक्टरला न विचारता स्टिरॉइडचे मलम तोंडाला फासायचे. मग कातडी पातळ होते, मुरुम आणखी उसळतात, आणि बोल पुन्हा पोरीलाच!

मित्रहो, आपण ज्या रोगालाच 'देवी' म्हणत होतो, तो 1975 नंतर देशातून गेला. नवसाने नव्हे, लसीने. आणि सौंदत्तीची कथा तरी काय सांगते? जमदग्नींच्या शापाने रेणुकेच्याच अंगावर रोग उठला, एकनाथ-जोगनाथांनी तिला बरे केले. खुद्द देवीवर उपचार झाले! मग तिच्या नावावर आपल्या लेकींचे उपचार का अडवता?

जट कापा, पोरीला त्वचेच्या डॉक्टरकडे न्या. देवी रागावणार नाही. तिने हे सारे सोसले आहे.