कंट्रोलर फेकू नका, बॅटरी बदला



मुलाचा वायरलेस गेम कंट्रोलर अर्ध्या तासातच बंद पडतोय? लगेच भंगारात देऊ नका. बरेचदा थकलेली असते ती फक्त बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी वारंवार चार्ज केली की तिची क्षमता घटतेच.

सोनीचा ड्युअलशॉक ४ घ्या. मागचे चार स्क्रू काढून कव्हर अलगद उघडा. आतली पट्टीसारखी केबल ओढू नका. १००० एमएएचची बॅटरी प्लगने जोडलेली असते. सोल्डरिंग लागत नाही. नवीन घेताना व्होल्टेज, आकार आणि प्लग जुन्यासारखाच हवा. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र मुलांना दूर ठेवा. ती दाबू नका, टोचू नका; मलकापुरातल्या जाणकार दुरुस्तीवाल्याकडेच न्या.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून अधिकृत संकलनाकडे द्यायची असते.

धन-ऋण टोके आपण फळ्यावर शिकवतो. मग हे काम मुलाला शेजारी बसवूनच का करू नये? ‘बिघडलं की नवीन घ्या’ हे त्याला बाजार शिकवतोच. ‘आधी उघडून बघू’ हे आपणच शिकवायला हवं ना?