अनपेक्षित निकालाने अंदाज खोटा ठरत नाही



मुष्टियुद्धाच्या लाइटवेट गटातील विषम लढतींचे भाकीत म्हणजे निव्वळ अटकळ, हे आपल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मान्य नाही. पुरावा म्हणून त्यांनी नोव्हेंबर २०२१ मधील न्यूयॉर्कची लढत दिली आहे. तीत जॉर्ज कम्बोसोसने नामवंत मुष्टियोद्धा लोमाचेन्कोला हरवलेल्या टिओफिमो लोपेझला नमवले. परंतु ती लढत खरोखर विषम होती का? कम्बोसोस १९ लढतींत अपराजित होता आणि मिकी बे व ली सेल्बी यांना त्याने हरवले होते. उलट लोपेझ १३ महिने रिंगबाहेर होता. नावाच्या वलयाला भुललेल्यांचा अंदाज चुकला. पुरावा तोलणाऱ्याला त्यात धोका दिसायलाच हवा होता.

एक ठोसा सारे गणित उलटवतो, हा आक्षेप रास्त आहे. कम्बोसोसने पहिल्याच फेरीत लोपेझला पाडलेही. पण तो स्वतः दहाव्या फेरीत पडला आणि विजय मिळाला तो बारा फेऱ्यांनंतर, पंचांच्या विभागलेल्या कौलाने. पुढे २०२२ मध्ये डेव्हिन हेनीने मेलबर्नला त्याला दोनदा एकमुखी कौलाने हरवले. हेनीची लांब पोच आणि अचूक जॅब यांवरून जाणकारांचा कल त्याच्याकडेच होता. भाकीत म्हणजे निकालाची हमी नव्हे, शक्यतेचे मोजमाप. ते कारणांसह मांडले, तरच चुकल्यावर कुठे चुकले हे तपासता येते. म्हणून भाकिते थांबवू नयेत, त्यांच्याकडे कारणे मागावीत.

– एक वाचक, पुणे