चूक कारकुनाची, हेलपाटे नातवाला

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात बारावीचं पोर आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

निकाल लागले की माझ्या व्हॉट्सॲपवर बातम्या कमी आणि कागदांचे फोटो जास्त येतात. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, पणजोबाचा फेरफार, कोतवाल बुकातलं मोडीतलं एखादं पान. खाली एकच प्रश्न, "दादा, हे चालंल का?"

बहुतेक वेळा उत्तर असतं, चालायला पाहिजे, पण चालणार नाही. कारण आजोबा एका कागदावर धोंडी आहेत, दुसऱ्यावर धोंडीबा, तिसऱ्यावर धोंडीराम. आडनाव एका ठिकाणी गावावरून लागलंय, दुसऱ्या ठिकाणी नुसतं पाटील आणि तिसऱ्या ठिकाणी आडनावच नाही, फक्त "धोंडी बिन रामा". घरच्यांना माहीत आहे हा एकच माणूस आहे. गावाला माहीत आहे. पाराखालच्या म्हाताऱ्यालासुद्धा माहीत आहे. फक्त टेबलाच्या पलीकडं बसलेल्या साहेबांना माहीत नाही. ते म्हणतात, "ही तीन माणसं वेगळी नाहीत हे सिद्ध करा."

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. या चुका धोंडीबानं केल्या का? त्या माणसाला सही येत नव्हती, अंगठा द्यायचा तो. नाव लिहिलं मास्तरनं, कोतवालानं, तलाठ्यानं, म्हणजे सरकारच्या लेखणीनं. मग सत्तर-ऐंशी वर्षांनी त्या लेखणीचा हिशोब धोंडीबाच्या नातवानं का द्यायचा?

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. जात प्रमाणपत्रासाठी आपल्याकडं २००० सालचा कायदा आहे. त्याच्या कलम ८ प्रमाणं दावा सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर. त्यात ठरलेल्या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. खोट्या दाखल्यांनी खऱ्या माणसाची जागा खाल्ली जाते, म्हणून कडक तपासणी पाहिजेच. १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात सुप्रीम कोर्टानं पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली, तीही याचसाठी. माझा तपासणीला विरोध नाही. आरक्षण कोणाला द्यावं हा वादही इथं काढत नाही, तो वेगळा आहे. माझा प्रश्न साधा आहे. पुरावा द्यायचा आम्ही, पण पुरावा ठेवलाय सरकारनं. तो चुकीचा लिहिला सरकारनं, भिजवला सरकारनं, वाळवीला घातला सरकारनं. मग जबाबदारी एकट्या अर्जदाराची कशी?

आता बार्शीकडं बघा. आपला तालुका इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. पलीकडं परंडा, भूम, कळंब, तुळजापूर ही निजामाची हद्द. पण सोयरीक, शेतं, बाजार यांनी हद्द कधी मानली नाही. एक भाऊ इकडं राहिला, एक तिकडं गेला. आज इकडच्या भावाची नोंद मोडीत आणि तिकडच्याची उर्दूत. इकडं इसवी सन, तिकडं फसली साल. फसली १३५० म्हणजे इसवी १९४०-४१. हा ५९० चा फरक ज्या टायपिस्टला ठाऊक नाही, त्याच्या हातून एका आकड्यात पणजोबा पणतूच्या आधी सहाशे वर्षांवर जाऊन बसतो. हसू नका, असे उतारे मी डोळ्यांनी पाहिलेत.

मोडीचंही तसंच. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द तोडून लिहायची रीत नाही, लेखणी न उचलता ओळ पुढं जाते. त्यात कोतवालाचं अक्षर आणि वर पावसाचा डाग. नावापुढं नुसतं "कु." लिहिलेलं असतं, त्यावर दोन जाणकार दोन मतं देतात. एवढ्या नाजूक कामाला आपण काय दिलंय? बाहेरून मिळेल तो मोडी वाचक, पानामागं पैसे, आणि ते पैसेही अर्जदाराच्या खिशातून. ज्याच्या वाचनावर पोराचं ॲडमिशन ठरतं, त्याचं वाचन बरोबर की चूक हे तपासायला दुसरा वाचक नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आधी मराठवाडा, मग सगळं राज्य. कधी न उघडलेल्या खोल्या उघडल्या, गठ्ठे सुटले, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर पानं चढली. हे शक्य असतं हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. आजवर "रेकॉर्ड सापडत नाही" म्हणणारी कार्यालयं रात्री उशिरापर्यंत दिवे लावून बसली. म्हणजे माणसं होती, कपाटं होती, किल्ल्याही होत्या. फक्त वरून हुकूम नव्हता.

पण शोधायचा होता एक शब्द. तो ज्या पानावर दिसला ते पान वर आलं, नाही दिसला ते परत फडक्यात. त्याच गठ्ठ्यात धनगराची, माळ्याची, कोळ्याची, महार-मांगाची, न्हाव्याची पानं होती. गठ्ठा एकदा सुटलाच होता, तर शेवटच्या पानापर्यंत स्कॅन करायला काय हरकत होती? आंदोलन झालं त्याचा आजोबा सापडला, ज्याच्यासाठी रस्त्यावर कोणी उतरलं नाही त्याचा आजोबा अजून कपाटातच आहे. कागद आंदोलनाची वाट बघत बसणार असेल तर त्याला अभिलेख कशाला म्हणायचं?

आणि ज्यांचा गठ्ठाच नाही त्यांचं काय? पालावर जन्मलेल्या माणसाची नोंद कोणत्या गावच्या कोतवालानं घ्यायची? जमीन नाही म्हणून फेरफार नाही, शाळा नाही म्हणून दाखला नाही. इंग्रजांनी ज्यांच्यावर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला त्यांना आपल्याच सोलापुरात काटेरी तारांच्या आत सेटलमेंटमध्ये ठेवलं, रोज हजेरी घेतली. त्यांची सुटका १९५२ ला झाली. पिढ्यान्पिढ्या सरकारनं या माणसांना मोजलं ते फक्त संशयित म्हणून. आता तेच सरकार त्यांच्या नातवाला म्हणतं, १९६१ च्या आधीचा कागद आण. याला निर्लज्जपणा म्हणतात, दुसरा शब्द मला सुचत नाही.

दुरुस्तीचा रस्ताही ऐकून घ्या. सातबारावर लेखनदोष असेल तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलमध्ये अर्ज. जन्म-मृत्यूच्या नोंदीत चूक असेल तर १९६९ च्या कायद्याचं कलम १५, त्यासाठी निबंधक. शाळेच्या रजिस्टरात चूक असेल तर, शाळा सोडल्यावर सहसा बदल होत नाही. उघड लेखनदोष असेल तरच, तोही शिक्षण खात्याच्या परवानगीनं. आधार वेगळं, रेशन कार्ड वेगळं, राजपत्र वेगळं. एकाच माणसाचं एकच नाव नीट करायला चार दारं. पहिल्या दारातला आदेश दुसऱ्या दारात कोणी मानत नाही. प्रत्येक ठिकाणी प्रतिज्ञापत्र, प्रत्येक ठिकाणी "पुढच्या सोमवारी या". रोजंदारीवरच्या माणसानं किती सोमवार बुडवायचे?

याच पोकळीत एजंट जन्माला येतो. कार्यालयाच्या बाहेर, झेरॉक्सच्या दुकानात, चहाच्या टपरीवर. तो म्हणतो, "कागद मी आणतो, तुम्ही फक्त रक्कम सांगा." मग जुन्या रजिस्टरात नव्या शाईनं एखादा शब्द वाढतो. दुसऱ्याच कुळातला, सारख्या नावाचा पणजोबा तुमच्या वंशावळीत येऊन बसतो. इथं मी आपल्याच माणसांना सांगतो, हे करू नका. एकतर त्याच कायद्यात खोट्या दाखल्याला तुरुंगवास आहे, पदवी आणि नोकरी जाते ती वेगळीच. आणि दुसरं, विकत घेतलेला पणजोबा एकट्याचा राहत नाही. उद्या त्याच पानावर भरवसा ठेवून चुलतभाऊ अर्ज करतो, त्याच्या मागून पुतण्या. एक खोटं पान पकडलं गेलं की अख्ख्या भावकीचं खरं रेकॉर्डही संशयात जातं.

काही जण मला म्हणतात, "अहो, एवढं काय, चुकीचं नाव खोडून बरोबर टाकून द्यायचं." नाही. खोडायचं तर अजिबात नाही. जन्म-मृत्यूच्या कायद्यात कलम १५ चा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. मूळ नोंदीला हात लावायचा नाही, दुरुस्ती समासात लिहायची, खाली सही आणि तारीख. म्हणजे पुढच्या माणसाला दोन्ही दिसतं: आधी काय लिहिलं होतं, कोणी बदललं, कधी बदललं. माझी मागणी हीच आहे की हा नियम सगळ्या रजिस्टरांना लावा. शाळेच्या, महसुलाच्या, सगळ्या. चूकही पुरावा असते. "धोंडी" खोडून "धोंडीराम" केलंत तर "धोंडी" नावाचा दुसरा कागद कायमचा अनाथ होतो.

हेळवी आठवतात का? सांगली-कोल्हापूर-सोलापूर पट्ट्यात काही वर्षांनी एकदा बैल घेऊन दारात यायचे, अजूनही काही येतात. ओट्यावर बसून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवायचे, नवीन जन्मलेलं पोर विचारून घ्यायचे, पायलीभर धान्य घेऊन पुढं जायचे. ना कपाट, ना बजेट. तरी त्यांनी पिढ्या सांभाळल्या, कारण त्यांचं पोट त्या अचूकपणावर होतं. चुकीचं सांगितलं तर त्याच ओट्यावर म्हातारी लगेच टोकायची, "न्हाई रं, तो थोरला नव्हं, धाकला." चूक जागेवर दुरुस्त. आपल्या कार्यालयात चूक टोकणारी म्हातारी तीन महिने तारखेची वाट बघते.

म्हाताऱ्यांवरून आठवलं. तुमच्या वंशावळीत आजीचं नाव आहे का? वंशावळ काढा आणि बघा. वरपासून खालपर्यंत पुरुष, बायका कुठंच नाहीत. जुन्या कागदात ती "सखू कोम धोंडी", म्हणजे अमक्याची बायको, एवढीच. लग्नात आडनाव तर बदललंच, कित्येकींचं पहिलं नावही बदललं. आता लग्न झालेल्या मुलीला पडताळणीला माहेरचा पुरावा लागतो, कारण जात जन्मावरून ठरते. सासरचं नाव आणि माहेरचं नाव एकाच बाईचं, हे सिद्ध करायला ती दोन गावांत फिरते. सरकारला शिव्या देताना हेही मान्य करूया की बायकांची नावं घरच्या झाडावरून आपणच उतरवलीत.

आता मागण्या. आपल्या आमदारांना आणि तहसीलला मी हेच लेखी देणार आहे.

एक: १९६७ च्या आधीचं गावागावातलं सगळं रेकॉर्ड, जात न बघता, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्कॅन करा. शाळांची जनरल रजिस्टरंसुद्धा, कारण ती गळक्या खोल्यांत पडलीत.

दोन: मोडी आणि उर्दू वाचक तालुक्याला नेमा, पगार द्या. प्रत्येक वाचनाखाली त्याची सही आणि वाद झाला तर दुसऱ्याकडून वाचन. पुण्याच्या पुराभिलेखागाराकडं जाणकार आहेत, आपल्या पोरांना शिकवता येईल.

तीन: एका अधिकाऱ्यानं चौकशी करून "हा तोच माणूस" असा आदेश दिला, की तो सगळ्या खात्यांवर बंधनकारक.

चार: चूक सरकारी लेखणीची असेल तर दुरुस्तीची फी, नकलांचा खर्च अर्जदाराकडून घेऊ नका.

आणि घरी काय करायचं ते आजपासून करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा. आजोबांचे भाऊ किती, कोण कोणत्या गावाला गेलं, कोणाला कोणत्या टोपणनावानं हाक मारायचे, आज्यांची माहेरं कोणती, जुनी शाळा कुठली. ट्रंकेतल्या कागदांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. लॅमिनेशन करू नका, जुना कागद खराब होतो. वारस नोंद आज करून घ्या, भांडण झाल्यावर नको. आणि पोराच्या दाखल्यावरचं नाव, आईचं नाव, तारीख आत्ताच अक्षर न् अक्षर तपासा. पोर शाळेत आहे तोवर दुरुस्ती सोपी असते.

तुमच्या गावचं कोतवाल बुक, शाळेचं जुनं रजिस्टर कुठं आणि कोणत्या अवस्थेत आहे ते गावाच्या नावासह खाली लिहा. कोणाचीही कागदपत्रं, आधार नंबर मात्र कमेंटमध्ये टाकू नका. गाववार यादी झाली की ती निवेदनाला जोडतो. ज्यांचं आधीच झालंय, प्रमाणपत्र हातात आहे, त्यांनीही लिहा. तुमचा गठ्ठा सापडला म्हणून शेजाऱ्याचा बंदच राहावा, असं तर तुम्हालाही वाटत नसेल.