शून्य फीचा भाव

कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणत, पण कर्जत-खालापूर त्यात पुरते कधी बसले नाहीत. मुंबईचा पगार इकडे संध्याकाळच्या लोकलने, खिशातूनच घरी येई. मनीऑर्डरचे कमिशन वीस रुपयांमागे एक रुपया, म्हणजे सरळ पाच टक्के. महाग खरे, पण उघड. पोस्टमास्तरने किती कापले ते पावतीवर दिसे. आता पगार अबुधाबीहून, जुबैलहून, नाहीतर एखाद्या जहाजावरून येतो. पाताळगंगा-रसायनीच्या कारखान्यांत वेल्डिंगवर हात बसलेला पोरगा आखातात शटडाउनच्या कामाला जातो, आणि त्याच आळीतले दुसरे घर मुलीच्या फीसाठी पैसे परदेशी धाडत असते. सगळ्यात स्वस्त कुठून पडेल, हे दोघांनाही हवे असते. उत्तर मात्र दोघांसाठी एक नाही.

आधी आखातातून येणारे पैसे. दिरहॅमची डॉलरशी गाठ १९९७ पासून ३.६७२५ ला पक्की बांधलेली आहे. त्यामुळे डॉलर कितीला आहे हे कळले की दिरहॅमचा खरा भाव कागद-पेन्सिलीने काढता येतो. हिशेबाच्या सोयीसाठी डॉलर ९० रुपये धरू; दिरहॅम साधारण साडेचोवीस रुपये होतो. खिशात दोन हजार दिरहॅम आहेत. एक दुकान पंधरा दिरहॅम फी घेते आणि २४.४० चा भाव देते. घरी ४८,४३४ रुपये पोहोचतात. शेजारचे दुकान ‘फी शून्य’ अशी पाटी लावून २४.१० देते, घरी ४८,२०० पोहोचतात. पाटी वाचणारा दुसऱ्या दुकानात शिरतो आणि २३४ रुपये जास्त मोजून बाहेर येतो. म्हणून फी किती हा प्रश्नच अर्धवट. माझे सगळे कापून घरच्या खात्यात रुपये किती पडतील, एवढेच विचारावे, आणि एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी विचारावे. सकाळचा भाव एकाकडचा आणि रात्रीचा दुसऱ्याकडचा, ही तुलना नव्हे.

ही फुटकळ बाब नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात आलेल्या अशा पैशांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे केरळपेक्षाही जास्त होता. त्यात मुंबई-पुण्याचा वाटा मोठा असणार हे उघड आहे, पण टक्का शहराचाही कापला जातो आणि गावाचाही, आणि लहान रक्कम पाठवणाऱ्याचा जास्त. दोनशे डॉलर पाठवायचा खर्च २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली आणू, असे जगाने ठरवले आहे. जागतिक सरासरी अजून त्याच्या दुपटीच्या आसपास घुटमळते.

मग सरसकट अ‍ॅप वापरावे का? नेहमीच्या घरखर्चासाठी माझे मत हो असेच आहे. परवानाधारक एक्स्चेंज हाऊस किंवा अ‍ॅप थेट आईच्या बचत खात्यात, नुसत्या खाते क्रमांकावर आणि आयएफएससीवर रुपये टाकते. बँकेच्या जुन्या स्विफ्ट मार्गात मधली बँक आपला हात मारते, आणि वर गावच्या शाखेला स्विफ्ट कोड नाही म्हणून धावपळ. पण बँकेची बाजूही पोकळ नाही. रक्कम मोठी असेल, उद्या घर घेताना किंवा आयकराच्या नोटिशीला उत्तर देताना पैसा कुठून आला ते दाखवायचे असेल, तर बँकेचा कागद कामाला येतो. अ‍ॅपचे पैसे अडकले तर घरचा माणूस यंत्राशी चॅट करत बसतो. बँकेत निदान मॅनेजरच्या टेबलासमोर जाऊन बसता येते. साठीच्या आईला त्या टेबलाची किंमत अर्ध्या टक्क्याहून जास्त वाटली, तर तिला अडाणी म्हणू नये.

पैसा बाहेर जाताना गणित उलटते. कर्जत-खोपोलीच्या लहान शाखांत परदेशी पैसे धाडण्याचा ए-टू फॉर्म भरून घेतात, पुढचे काम मोठ्या शाखेत होते, आणि भाव काय लागला ते पालकांना खात्यातून रक्कम गेल्यावरच कळते. दहा हजार डॉलर फी भरायची आहे असे धरा. दीड टक्का वाढवून बँकेने डॉलर ९१.३५ ला लावला, तर तेरा हजार पाचशे रुपये तिथेच गेले. चलनबदलावरचा जीएसटी त्यावर नऊशेच्या आसपास. शाखेत वाद होतो तो मात्र हजार रुपयांच्या ‘चार्जेस’वरून! तेरा हजारांबद्दल कोणी तोंड उघडत नाही. ते उघडावे; मोठ्या रकमेला भाव कमी करून मिळतो. क्लिअरिंग कॉर्पोरेशनने २०१९ मध्ये सुरू केलेला एफएक्स-रिटेल मंचही आहे. तिथे बाजाराच्या जवळचा भाव दिसतो आणि बँकेला आपला आकार वेगळा सांगावा लागतो. शाखेत याचे नाव काढले तर बहुतेक वेळा कोरा चेहरा दिसेल, तरी काढावे.

वर्षाला दहा लाखांपुढे पाठवले की टीसीएस कापतात. लोक त्याला खर्च समजून घाबरतात. तो आगाऊ कर आहे, विवरणपत्र भरले की वळता होतो. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून फी गेली तर एप्रिल २०२५ पासून तो लागतच नाही.

या सगळ्याहून स्वस्त म्हणून एक तोड सर्रास चालते. ‘तुमच्या मुलाला तिकडे मी पाउंड देतो, तुम्ही इकडे माझ्या वडिलांना रुपये द्या.’ फी नाही, बँक नाही, भाव अगदी मधला, आणि दोन्ही घरे सज्जन. मोह समजण्यासारखा आहे. आपलेच पैसे, आपलीच माणसे. पण परकीय चलनाच्या फेमा कायद्याच्या नजरेत हा हवालाच आहे, आणि दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. अनोळखी माणसाकडून रुपये घेतले, तर ते कुठल्या तरी सायबर फसवणुकीतले निघून खाते गोठण्याची भीती वेगळीच. दोन टक्के वाचवायला एवढी जोखीम कोणी घेऊ नये. इथे दोन्ही बाजू तोलण्यासारखे मला काही दिसत नाही.

आपल्याकडचा एक खास घोळ सांगायलाच हवा. नेरळ-कर्जत-चौक पट्ट्यात फार्महाऊसच्या जाहिराती परदेशस्थ मराठी माणसाला खुणावतात, आणि तो पैसे कसे पाठवू हे आधी विचारतो. शेतजमीन, मळे किंवा फार्महाऊस अनिवासी भारतीयाला विकत घेताच येत नाही. बिनशेती प्लॉट किंवा फ्लॅट चालतो. दलाल हे शेवटी सांगतो, किंवा सांगतच नाही. सातबारा बघण्याआधी स्वस्तात पाठवलेले टोकन महागच पडते.

ग्राहकाने भाव विचारावा हे ठीक, पण सगळा भार त्याच्यावर टाकणे मला पटत नाही. मोबाइलवरून पैसे पाठवण्याचे सिंगापूरचे पेनाऊ आणि आपले यूपीआय २१ फेब्रुवारी २०२३ ला जोडले गेले. दिवसाला साठ हजार रुपयांची मर्यादा असली तरी मोबाइल नंबरवर पैसे जाऊ-येऊ लागले. संयुक्त अरब अमिरातीशीही त्याच वर्षी जुलैत तसा समझोता झाला. खोपोलीच्या घरांना सिंगापूरपेक्षा ही दुसरी जोडणी कितीतरी जास्त कामाची आहे, तेव्हा सरकारने जोर तिथे लावावा. आणि व्यवहाराआधी बाजारभाव, आपला भाव आणि दोहोंतला फरक रुपयांत लिहून ग्राहकाची सही घ्यायची सक्ती बँकांवर, एक्स्चेंज हाऊसवर आणि अ‍ॅपवर सारखीच करावी. बँका म्हणतील की भाव मिनिटामिनिटाला बदलतो. सही घेतानाच्या मिनिटाचा लिहा.