उनकेश्वरचे ऊन पाणी

नांदेड-लातूरकडच्या घरांत कुणाच्या अंगाची खाज मलमांनी हटेना, की एखादी वडीलधारी खाला म्हणतेच, "एकदा उनकेश्वरला जाऊन या." किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठी हे ठिकाण आहे. गंधकाचे गरम पाणी तिथे जमिनीतून आपोआप वर येते. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढणाऱ्या उष्णतेने तापते आणि वाट सापडेल तिथून बाहेर पडते. महादेवाचे मंदिर आणि शरभंग ऋषींची कथा यांमुळे हिंदू भाविक श्रद्धेने येतात. आपली माणसे जातात ती त्वचेच्या दुखण्यासाठी.

मग शंका निघतात. वास येणाऱ्या पाण्याने गुस्ल होते का? होते. जे पाणी निसर्गतःच खनिजांमुळे वासाचे किंवा चवीचे असते, ते पाकच असते. समुद्राचे खारे पाणीसुद्धा पाक आहे, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट सांगितले आहे. मंदिराजवळच्या पाण्याचे काय? इलाज म्हणून आंघोळ करणे वेगळे आणि तिथल्या पूजाविधीत भाग घेणे वेगळे. पाणी अल्लाहचे आहे. तिथल्या लोकांच्या श्रद्धेचा मान राखावा आणि आपला इलाज करून यावे.

खरी अडचण आंघोळीच्या पद्धतीत आहे. आपण गेलो की सरळ कुंडात उतरतो, अंगावरच्या घामामातीसकट, कधी साबण घेऊनसुद्धा. या बाबतीत जपानकडे पाहण्यासारखे आहे. आता आपली मुले शिक्षण-नोकरीसाठी तिकडेही जातात, त्यांनाही हे माहीत असलेले बरे. जमिनीतून निघणाऱ्या गरम पाण्याला तिकडे 'ओनसेन' म्हणतात. त्यासाठी १९४८ पासून स्वतंत्र कायदा आहे. मोहल्ल्यातल्या सार्वजनिक स्नानगृहाला 'सेंतो' म्हणतात. दारावर कापडी पडदा, पुरुषांची बाजू वेगळी, स्त्रियांची वेगळी. आत गेल्यावर आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने सगळे अंग घासायचे, फेस पूर्ण धुवायचा आणि मगच हौदात उतरायचे. हौदात साबण नाही, केस बांधलेले, हातातला छोटा टॉवेलही पाण्यात बुडवायचा नाही; लोक तो घडी करून डोक्यावर ठेवतात! हौद अंग धुण्यासाठी नसतोच, शेकण्यासाठी असतो. तेच पाणी नंतर दुसऱ्याला वापरायचे असते.

ही शिस्त आपल्याला नवी वाटायला नको. साचलेल्या पाण्यात जनाबतच्या अवस्थेत उतरून आंघोळ करू नये, अशी सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे. मग कशी करावी, असे विचारल्यावर हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी पाणी बाहेर काढून घ्यावे असे सांगितले. जुन्या हमामातही हौदात बुडी मारायची रीत नव्हती. कमरेला लुंगी गुंडाळून गरम फरशीवर बसायचे आणि तांब्याने पाणी घ्यायचे. उदगीरहून जवळच बिदरच्या किल्ल्यात शाही हमामाची इमारत आहे, तिथे आता संग्रहालय भरते. मुलांना दाखवून आणा.

जपानची एक गोष्ट मात्र आपल्याला चालणार नाही. तिथे हौदात कपड्याला मनाई असते, सगळे पूर्ण उघडे. पुरुषाने पुरुषासमोरही नाभीपासून गुडघ्यापर्यंतचे अंग झाकलेच पाहिजे आणि लुंगीशिवाय हमामात जाण्याला हदीसमध्ये मनाई आहे. त्यामुळे जपानमधल्या आपल्या मुलांनी कुटुंबासाठी तासावर भाड्याने मिळणारी खासगी न्हाणी घ्यावी. अशी सोय पुष्कळ ठिकाणी असते.

आता दुखण्याबद्दल. गंधकाचे मलम खरजेवर फार पूर्वीपासून वापरले जाते, म्हणून खालाचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पण झऱ्याचे पाणी म्हणजे मलम नव्हे. खरूज जायची तर घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावावे लागते आणि कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुवावे लागते. अंगावर फिकट चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर उनकेश्वरची गाडी पकडू नका, सरकारी दवाखाना गाठा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधे सरकार मोफत देते, सहा महिने ते वर्षभरात तो बरा होतो. उशीर केला तर हातापायांची बोटे वाकतात. शुगरच्या पेशंटने पाणी आपल्या पायाने अजमावू नये, पाय बधिर असले तर भाजलेले कळत नाही. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारूनच जावे.

आणि बायकांचे काय? सहलीत बहुधा असे होते की पुरुष आणि मुले मनसोक्त नाहतात, अम्मी आणि दादी पिशव्या सांभाळत बसतात. खाज मात्र त्यांनाही तितकीच असते. उलेमांनी स्त्रियांना हमामाबाबत जास्त सावध राहायला सांगितले, तरी आजारपणात सवलत मानली आहे. ओले कपडे अंगाला चिकटतात, म्हणून उघड्या कुंडात उतरणे त्यांच्यासाठी योग्य नाही. निघण्याआधी तिथे बंद न्हाणी आहे का ते विचारा. नसेल तर दोन बादल्या, एक तांब्या, एक जाड चादर आणि दोरी बरोबर घ्या. पाणी भरून आणायचे काम मुलांकडे द्या.